इटालीचा खांदा

महेबूब मिस्तरीच्या गॅरेजात गाडी न्यायची म्हणजे आधी बोलणी खायची तयारी ठेवायची, हे मंठ्यात शेंबडं पोरगंही सांगेल. जालना रस्त्याला, बाजाराच्या तोंडाशी, लिंबाच्या झाडाखाली त्याचं पत्र्याचं शेड. माणूस सत्तरीकडं झुकलेला, अंगानं काटक, दाढीला मेंदी, आणि जीभ अशी की कानस परवडली. बॉनेट उघडायच्या आधी तो मालकालाच उघडतो. "ऑइल कव्हा बदललं होतं? आठवत न्हाई? मंग जेवलास कव्हा ते बरं आठवतं?" कुणी चिडलंच तर शांतपणे म्हणतो, "गाडीला तोंड न्हाई ना बाबा, म्हणून तिच्याकडून मला बोलावं लागतं."

आणि गंमत बघा, एवढं ऐकून घेऊन लोक पुन्हा त्याच्याच दारात. कारण त्यानं हात लावलेली गाडी त्याच दुखण्यानं परत येत नाही. नवा पार्ट टाकायची गरज नसेल तर तो टाकू देत नाही, आणि गरज असेल तर मालक रडला तरी सोडत नाही. फुशारकीही तेवढीच. "जालन्यापासून परभणीपर्यंत इटालीची नस ओळखणारा एकच माणूस हाय, आन तो आत्ता तुमच्यापुढं बसून चहा पिऊन राह्यला." ऐकणारे हसायचे, पण खोटं म्हणायची कुणाची छाती नव्हती.

इटाली म्हणजे गाडी. जालन्याचे एक डॉक्टर तरुणपणी शिकायला इटलीत गेले होते, ते परत येताना तिला बोटीतून घेऊन आले. लालभडक, बुटकी, दोनच माणसांची, वरचं छत दुमडून मागं टाकता येणारी. तारांची चाकं, स्टेअरिंग उलट्या अंगाला. कंपनीचं नाव कुणाच्या जिभेवर बसेना, म्हणून जिल्हाभर ती 'इटाली' झाली. एकदा ती डाव्या पायानं लंगडावी तशी धक्के खात चालायला लागली. मोठमोठ्या मिस्तऱ्यांनी हात टेकले. महेबूब तेव्हा जालन्याच्या एका गॅरेजात नुकता पगारी झाला होता. त्यानं रबरी नळीचं एक टोक कानात घातलं, दुसरं टोक एका कार्बोरेटरच्या तोंडाशी धरलं, मग दुसऱ्याच्या. म्हणाला, "साहेब, हिला दोन नाकपुड्या हायत. एक चोंदली." एक स्क्रू जरासा फिरवला आणि गाडी गुरगुरायला लागली. डॉक्टरांनी त्या दिवसापासून दुसऱ्या कुणाला बॉनेटला हात लावू दिला नाही.

पुढं महेबूबनं मंठ्यात स्वतःचं शेड टाकलं, लग्न केलं, पोरं झाली, पोरांना पोरं झाली. पण दर आठवड्याला जालन्याची वारी चुकली नाही. त्याची बायको कमरुन्निसा डबा भरून द्यायची आणि म्हणायची, "जाओ, लाल सौतन राह देखरी." तोही बिलकूल लाजायचा नाही. "सौतन हौ, मगर तुझसे कम बोलती," असं म्हणून चालू पडायचा.

मग डॉक्टर गेले. त्यांची लेक परदेशात. तिनं फोन केला आणि म्हणाली, "चाचा, गाडी आता कुणाला तरी द्यायची आहे. पैशाचं माझं मी बघते. माणूस मात्र तुम्ही निवडा. बाबांची गाडी तुम्हीच ओळखता."

झालं. ह्या एका वाक्यानं मिस्तरीच्या डोक्याला घोर लावला. इंजिनाचं दुखणं त्याला कळायचं, माणसाचं कसं कळावं? पुण्याहून, मुंबईहून, संभाजीनगरहून लोक यायला लागले. चकाचक बूट, डोळ्यांवर काळे चष्मे. मिस्तरी सगळ्यांना एकच प्रश्न विचारायचा, "गाडीचं काय करणार?" एकानं सांगितलं, हॉलमध्ये काचेच्या मागं ठेवणार. दुसरा म्हणाला, कलेक्शनमध्ये ठेवणार. तिसऱ्याला हॉटेलाच्या दारात ठेवायची होती. "ठेवणार, ठेवणार!" मिस्तरी घरी येऊन करवादला. "ठेवायला ते काय आंब्याचं लोणचं हाय? उभी गाडी मरती. पेट्रोलचा गोंद व्हतो, रबर तडकतं, पिस्टन जागीच धरतो. ह्याहिला गाडी न्हाई, गाडीचं मयत पाहिजे!"

आणि अशात आला तातेराव. मंठ्यापासून अर्ध्या तासाच्या वाटेवरच्या एका खेड्यातला मोसंबीवाला, चाळिशी ओलांडलेला, पिकअपचा क्लच घेऊन आला होता. इटाली त्या दिवशी गॅरेजात होती. तातेराव तिच्याभोवती दोनदा फिरला, पण हात लावला नाही. हात मागं बांधून विचारलं, "चाचा, चालती का ही?"

"तुला दिली तर काय करशील?" मिस्तरीनं सवयीनं विचारलं.

"काय करीन म्हणजे? चालवीन की. मोंढ्यात मोसंबी घेऊन जाईन, आईला जांबला रामाच्या दर्शनाला नेईन. गाडी हाय ती, चाचा."

मिस्तरीनं हातातला पाना खाली ठेवला. त्या घडीला त्याच्या मनानं घेतलं, की हाच.

अख्ख्या मंठ्यानं त्याला वेड्यात काढलं. "मिस्तरीनं इटाली शेणात बांधली," असं चहाच्या टपरीवर रोज नवीन माणूस म्हणायचा. मिस्तरी वरून गुरगुरायचा, पण आतून धास्तावलेला होता. तातेराव चुकला तर तो एकटा चुकणार नव्हता. डॉक्टरांच्या लेकीनं ज्याच्यावर विश्वास टाकला तो महेबूब चुकणार होता. अख्खी हयात ज्या गाडीत घातली, तिला आपल्याच हातानं खड्ड्यात लोटल्यासारखं झालं असतं. म्हणून त्यानं अट घातली. पुढचा पोळा होऊन जाईस्तोवर कागद डॉक्टरांच्याच नावावर राहतील. तोवर मिस्तरीला वाटलं तर मिस्तरी गाडी परत नेईल, आणि तातेरावानं हूं की चूं करायचं नाही.

"मंजूर," तातेराव म्हणाला. एवढंच.

इटाली तातेरावाकडं गेली, आणि तेव्हापासून मिस्तरीची लुना दर आठवड्याला त्या गावाकडं वळायला लागली. पहिल्याच दिवशी तातेरावानं मोठ्या हौसेनं शेड दाखवलं. गाडीवर नवीकोरी ताडपत्री, करकचून आवळलेली, आणि शेजारी युरियाच्या गोण्यांची थप्पी. मिस्तरीनं कपाळावर हात मारला.

"अरे भल्या माणसा! हे शेड हाय का कबर? युरियाच्या वाफेनं पत्रा खाऊन जाईल. जल्दी हलव ते खत. आन ताडपत्री काढ. तिच्या आत घाम सुटतो, घामानं गंज. उन्हाळ्यात तू रेनकोट घालून झोपतोस का?"

खत हललं. ताडपत्री गेली, तिच्या जागी द्वारकाबाईनं जुन्या सुती लुगड्याची गोधडी शिवून दिली. द्वारकाबाई म्हणजे तातेरावाची आई. ऐंशीला टेकलेली, कंबरेत वाकलेली, पण कान तिखट. मिस्तरीची शिकवणी चालायची तेव्हा ती ओट्यावर डाळ निवडत बसायची आणि मान खाली घालून सगळं ऐकायची.

आणि शिकवणी तरी कसली! तातेरावाला इंजिनाची भाषा येत नव्हती आणि मिस्तरीला शेतीशिवाय दुसरी उपमा सुचत नव्हती. मग दोघांचं बराबर जमलं. "सकाळी गोठ्यातून काढल्या काढल्या बैल पळवतोस का? न्हाई ना. मंग ही थंड असताना हिला काही मागू नको. आधी ऑइल गरम व्हऊ दे. तवर गोगलगायीवानी चाल." "उतारावर ब्रेकवर उभा राहू नको. आधी गिअर खाली आण, ब्रेक मागून." "धुताना विहिरीच्या मोटारीचा पाइप बॉनेटात घालशील तर हात तोडीन. ओला फडका, कोरडा फडका, बस्स." "उंदरावर ध्यान ठेव. वायर त्याला शेवयावानी लागती." "दुसऱ्या गाडीचा पार्ट हिच्यात ठोकून बसवायचा न्हाई. मला सांग. म्या बनवून आणीन जालन्यातून, न्हाईतर डॉक्टरांच्या लेकीला सांगून मागवीन." ह्यातली शेवटची ताकीद मिस्तरीनं जरा खाकरतच दिली होती, कारण त्याच्या तरुणपणी इटालीच्या पोटात एका ट्रॅक्टरचा वायसर गेला होता, आणि तो अजून तिथंच होता.

तातेराव ऐकायचा. नुसतं हो हो नाही, करायचा. दर गुरुवारी गाडी काढायची म्हणजे काढायची, घरात सोयरीक असो की मयत. स्टेअरिंग डाव्या अंगाला असल्यानं पुढच्या ट्रकच्या पलीकडचं त्याला दिसायचं नाही, म्हणून उजवीकडं आई बसायची. पदर डोक्यावरून कानामागं घट्ट खोचून, मान बाहेर काढून ती कंडक्टरसारखी ओरडायची, "येऊ दे! न्हाई न्हाई, थांब! म्हैस हाय!" जांबला जाऊन आले, तेव्हा देवळापुढं गाडीभोवती एवढी गर्दी झाली म्हणे, की रामाला बाहेर येऊन बघावंसं वाटलं असेल. मिस्तरीनं हे ऐकलं आणि त्या दिवशी गॅरेजात कुणालाच शिवी दिली नाही.

ह्याच शिकवणीत तो एकदा चाकापाशी उकिडवा बसला होता. तारांच्या आतून ब्रेकची डिस्क दिसत होती, लखलखीत, ताटलीसारखी. मिस्तरी रंगात आलेला. म्हणाला, "बैलाचा सारा भार कुठं येतो? खांद्यावर. तसा हिचा भार ह्या ताटलीवर. पळवणं सोपं हाय रे, एवढी पळती गाडी थांबवायची म्हणजे सगळं ओझं हीच झेलती. हा हिचा खांदा समज. ह्याला जप."

उपमा त्याला स्वतःलाच एवढी आवडली, की पुढं महिनाभर मंठ्यात जो भेटेल त्याला त्यानं ती ऐकवली.

पोळा उद्यावर आला. मंठ्याचा बाजार झुलींनी, घुंगरांनी, रंगीत गोंड्यांनी भरून गेला होता. गॅरेजासमोर, वळणावर, वंदना कुंभारणीनं मातीचे बैल मांडले होते. ट्रॅक्टर आल्यापासून घरात खरे बैल कमी झाले, म्हणून पूजेला हे मातीचेच जास्त खपतात. लहान, मोठे, पांढरे, तांबडे, ओळीनं उभे. मिस्तरी एका टेम्पोखाली झोपून काम करत होता. दिवस नुकता कलला होता. तेवढ्यात त्याला आवाज आला. दोन्ही नाकपुड्या सारख्या चालल्या होत्या, इंजिन गरम, सुरेख. तो टेम्पोखालीच हसला. इटाली आली.

आणि मग आवाज बदलला. वरचा गिअर खाली, अजून खाली, इंजिन ओरडलं. एवढ्या जवळ येऊन कुणी असं गिअर पाडत नाही. मिस्तरी टेम्पोखालून सरपटत बाहेर आला. गाडी माणसाच्या चालीनं येत होती, पण येतच होती. तातेराव पाय दाबून सीटवरून जवळजवळ उभा राहिला होता. "सरका! सरका!" असं तो ओरडत होता. गाडी वळणावर वळली नाही. सरळ मातीच्या बैलांवरून कराकरा करत गेली आणि मागच्या कडब्याच्या थप्पीत नाक खुपसून थांबली.

मग वंदनाचा आवाज आला, "अगं माय, माझे बैल!" ती बैलांच्या ओळीमागंच पोतं टाकून बसलेली असायची. नेमकी तेव्हा कोपऱ्यावरच्या माठाचं पाणी प्यायला उठली होती. मिस्तरीनं ते रिकामं पोतं बघितलं. त्यावरून चाकाची खूण गेली होती.

तातेराव खाली उतरला, चेहरा पांढराफटक. आधी वंदनापाशी गेला. "ताई, लागलं न्हाई ना कुठं? फुटले ते समदे बैल माझे."

"फुटक्या बैलांचा पोळा करतोस का रे आता?" वंदना म्हणाली आणि मातीचे तुकडे वेचायला लागली.

मिस्तरी चाकापाशी बसला. आत बोट घातलं. बोट पिवळं झालं. त्यानं ते नाकाशी नेलं, आणि त्याच्या डोळ्यांत रक्त उतरलं.

"तूप?" तो ओरडला. "हळद आन तूप? ब्रेकला? ही गाडी हाय का पुरणपोळी?"

सगळा बाजार गोळा झाला. तातेराव त्या पिवळ्या बोटाकडं बघत राहिला. त्याच्या तोंडावर काहीतरी आलं आणि गेलं. मग तो हळूच म्हणाला, "म्याच लावलं, चाचा."

"काहून?"

"गंजल्यावानी दिसलं. म्हणलं..."

"म्हणलं! आन ब्रेक लागंना तव्हा काय म्हणलं?"

"तुम्ही सांगितलं होतं ना, थंड गाडीला काही मागू नको. म्हणलं ब्रेकबी थंड आसंल, गरम झाल्यावर लागंल. वाटंनं गिअरवरच आलो. तुम्हाला उद्याच्या जेवणाचं सांगायला आल्तो."

कुणीतरी मागून फिस्कन हसलं. "इटाली शेणात बांधली म्हणलो होतो ना!" ते मिस्तरीच्या वर्मी लागलं. एवढ्या लोकांत, त्या रिकाम्या पोत्यासमोर, त्यानं हात पुढं केला.

"किल्ली दे."

तातेरावानं किल्ली दिली. हूं नाही की चूं नाही. शब्दाचा पक्का निघाला, आणि त्याचाच मिस्तरीला जास्त राग आला.

गाडी ढकलत शेडमध्ये नेली. मिस्तरीनं चारी चाकं उतरवली, डिस्का पेट्रोलच्या बोळ्यानं पुसल्या, पुन्हा पुसल्या, तूप प्यालेले पॅड काढून फेकले. कपाटातून जुन्या फडक्यात गुंडाळलेला नवा संच काढला. तो त्यानं वर्षानुवर्षं जपून ठेवला होता. हे सगळं करताना तो एक शब्द बोलला नाही. तातेराव बाजूला उभा राहून चाक धर, पाना दे, एवढं करत होता. कमरुन्निसा चहा घेऊन आली, तिनं नवऱ्याचं तोंड बघितलं आणि कप ठेवून मुकाट्यानं परत गेली. शिव्या देणारा महेबूब तिला रोजचा होता. हा गप्प महेबूब तिनं त्याच्या भावाच्या मयतीलाच पाहिला होता.

गाडीची स्टेपनी आणि हत्यारांची गुंडाळी तातेरावाच्या घरी होती. मोसंबीच्या क्रेटला जागा व्हावी म्हणून त्यानं ती काढून ठेवली होती. ती आणायची, तातेरावाला घरी सोडायचं, आणि गाडी घेऊन परत फिरायचं, असं मिस्तरीनं ठरवलं. तो स्वतः चालवायला बसला. ब्रेक आता चिमटीत धरल्यासारखे लागत होते. वाटेत पुढं कडब्यानं भरलेली गाडी आली. उजवीकडं बसलेला तातेराव बघत होता, पण "येऊ द्या" म्हणायला त्याला आवाज फुटला नाही. मिस्तरीही त्या गाडीच्या मागंमागंच गेला.

गावात शिरले तेव्हा अजून उजेड होता. घरोघरी बैल धुवून उभे केले होते, त्यांचे खांदे हळद-तुपानं चमकत होते. द्वारकाबाई दारातच होती. गाडी थांबली तशी ती वाकत वाकत पुढं आली आणि चाकात डोकावली.

"आरं! पुसलं?" तिचा आवाज चढला. "पोळ्याच्या आदल्या दिशी मळलेला खांदा कोनं पुसला?"

"आई, तू आत जा," तातेराव घाईनं म्हणाला.

"काहून आत जाऊ? चारीच्या चारी म्या मळले. तू मळ्यात गेल्तास तव्हा. मिस्तरी, तू पुसलं का रे?"

मिस्तरीनं तातेरावाकडं बघितलं. तातेराव पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता.

"मावशी," मिस्तरीनं विचारलं, "तुम्ही लावलं हे?"

"मंग कोन लावणार? तूच न्हाई का ह्या ओट्यापुढं बसून सांगितलं, हा हिचा खांदा, ह्याला जप? म्या काय बहिरी हाय? पावसानं लाल लाल झाल्ता, जू घासून सोलवटल्यावानी. माझा जीव तुटला. बैल विकले तव्हापसून ह्या हाताला खांदा मिळाला न्हाई रे बाबा. ट्रॅक्टरला काय मळू, लोखंडाला? ही आली तव्हा वाटलं, चला, दावणीला कुणीतरी आलं. खांदा मळला, आवतन दिलं. चुकलं का काही?"

महेबूब मिस्तरी गाडीला टेकून उभा राहिला. ज्या उपमेच्या जोरावर तो महिनाभर मंठ्यात छाती काढून फिरला, तीच वाटीभर तूप घेऊन चाकात गेली होती. पावसाळी हवेत डिस्क रात्रीत लाल होते आणि पहिल्या ब्रेकला साफ होते, ही साधी गोष्ट तो सांगायला विसरला होता. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं. आणि ह्या तातेरावानं भर बाजारात, लोक हसत असताना, आईचं नाव ओठावर येऊ दिलं नव्हतं. किल्ली गेली तरी नाही.

"मावशी, तुमचं न्हाई चुकलं," तो म्हणाला. "म्या चुकलो. हा खांदा न्हाई. ही वेसण हाय हिची. वेसणीला तूप लावलं तर बैल हातात राहतो का?"

म्हातारीला पुढचं काही सांगावं लागलं नाही. तिचा हात तोंडावर गेला. तिनं लेकाला वरपासून खालपर्यंत बघितलं, त्याचे दंड चाचपले. "आगं माय माय! लेकरू माझं..." आणि मग एकदम मिस्तरीवर उलटली, "मंग मेल्या, आधीच वेसण म्हणायला काय झाल्तं तुला?"

"चुकलो ना, मावशी." ह्या माणसाच्या तोंडून हा शब्द एका दिवसात दोनदा निघाला, हे मंठ्यात कुणाला सांगितलं असतं तर पटलं नसतं.

पण बाजारात, चार लोकांत किल्ली मागितली होती. ती खिशात होती आणि जड लागत होती. काय करावं हे त्याला सुचेना, म्हणून जे करायला आला होता तेच करायला लागला. शेडमध्ये गेला, स्टेपनी उचलली, गाडीपाशी आणून वर घ्यायला गेला आणि "या अल्ला" म्हणून खाली ठेवली. उजवा हात आपसूक डाव्या खांद्यावर गेला. किती वर्षं टेम्पोखाली, ट्रकखाली उताणं पडून हात वर धरून काम केलेला खांदा तो. तातेराव धावला. त्याच्याआधी द्वारकाबाईचा आवाज आला.

"बस तिथं. ओट्यावर बस म्हणते ना!"

मिस्तरी बसला. ती घरात गेली आणि पितळी वाटी घेऊन आली. तळाशी हळद-तूप उरलं होतं.

"हिला खांदा न्हाई म्हणतोस," ती म्हणाली. "मंग इतकी वर्सं हिला वढलं कोनं? आपोआप चालली का?"

"मावशी, अहो, लोक काय..."

"गप. बैल बोलत न्हाई."

तिनं त्याच्या सदऱ्याची कॉलर मागं सारली. दोन बोटं वाटीत बुडवली आणि खांद्यावर ठेवली. हात सुरकुतलेला, पण दाब जाणता. कुठं गाठ आहे, कुठं शीर आखडली आहे, ते त्या बोटांना न विचारता कळत होतं. तूप कोमट होतं. मिस्तरीनं आयुष्यभर दुसऱ्यांच्या दुखऱ्या जागा शोधल्या होत्या. त्याची कुणी शोधली नव्हती, आणि त्यानं कुणाला शोधू दिली नव्हती. त्याचे डोळे भरून आले. त्यानं लपवायचा प्रयत्नही केला नाही. तातेराव तोंड फिरवून गाडीची काच पुसायला लागला. ती आधीच स्वच्छ होती.

मळून झालं. द्वारकाबाईनं हात पदराला पुसले, आणि उभ्या गावात त्या संध्याकाळी बैलांच्या कानाशी जे म्हणत होते, तेच ती त्याच्या कानाशी वाकून म्हणाली. एरवी त्याला अरे-तुरे करणारी ती बाई, पण हे बोलताना बैलालाही अहो-जाहोच करतात.

"आज आवतन घ्या. उद्या जेवायला या."

मिस्तरीनं खिशात हात घातला, किल्ली काढली आणि तातेरावाकडं न बघताच त्याच्यापुढं धरली.

"घे. आत्ता मला घरी सोड, बाजारातून ने, लोकाहिला दिसू दे," तो म्हणाला. "आन उद्या जेवायला न्यायला ये. आवतन आलंय मला. म्या काय लुनावर येऊ?"